‘स्वखुशीने’ या शब्दाचं वजन
लेखमाला : तिची निवड | लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण लग्नानंतर आडनाव बदलण्याविषयी बोललो. आधीचं आडनाव पुन्हा लावता येतं. आजची निवड मात्र एकदा केली की मागे घेणं फार कठीण. ती म्हणजे हक्कसोडपत्र, म्हणजेच माहेरच्या मिळकतीतला आपला वाटा भावांसाठी सोडल्याचा दस्त.

नवी मुंबईतल्या मूळ गावांमध्ये, घणसोलीत असो वा उरणकडच्या जासईत, ‘बहिणींनी हक्कसोड दिली’ हे कौतुकाने सांगितलं जातं. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात बहिणी एकेक करून अंगठा लावतात, फोटो निघतो. दस्तात ठरलेले शब्द असतात : ‘स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय.’

पण बहीण नेमकं काय सोडते? १९७० मध्ये नवी मुंबई वसवण्यासाठी सिडको हे महामंडळ स्थापन झालं आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घ्यायचं ठरलं. याच जमिनींसाठी जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकरी हुतात्मे झाले. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ शेतकऱ्याला परत मिळणार, त्यातून सामाजिक सुविधांसाठी पावणेचार टक्के वजा होणार. म्हणजे एक हेक्टर गेली असेल तर हाती ८७५ चौरस मीटर. बहीण सोडते तो याच भूखंडातला वाटा.

बहिणीने वाटा सोडण्याची रीत भातशेतीच्या काळातली. तेव्हा तिच्या वाट्याला काही मण भात आला असता. आज त्याच वाट्यात तिचं स्वतःचं घर होऊ शकतं. जमिनीचं मोल बदललं, रीत तीच राहिली.

कायदाही बदलला. १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांची वारस मानलं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये वडिलोपार्जित मिळकतीत तिला जन्माने हक्क दिला, पण तोपर्यंत लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने हा भेद मिटवला. त्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात २०२० मध्ये स्पष्ट केलं.

मग सही का होते? इथे एक सरसकट विधान कामाला येतं : ‘बाईला जमिनीचा मोह नसतो, तिला माहेर हवं असतं.’ ऐकायला ही स्तुती वाटते. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहून बायकांच्या माथी सरसकट मारलेल्या दोषांना उत्तर दिलं, हेच दोष पुरुषांत नाहीत का, असं विचारलं. निंदेला असं उत्तर देता येतं. स्तुतीला उत्तर देणं अवघड, कारण वाटा मागणारी बहीण त्या क्षणी ‘लोभी’ ठरते आणि भाऊबीजेला माहेरचं दार उघडेल की नाही, या धास्तीत राहते. भावाने वाटा घेतला तर त्याला कोणी लोभी म्हणत नाही.

दुसरं विधान, ‘आईबापांना मुलगाच सांभाळतो.’ काही घरांत ते खरं आहे. तिथे त्या भावाच्या कष्टांचं माप वाटणीत जरूर धरावं. पण काही घरांत दवाखान्याच्या खेपा लेकीने घातलेल्या असतात. ज्याने सांभाळलं त्याचं श्रेय त्याला द्यावं, मुलगा म्हणून आपोआप नव्हे.

कोणी म्हणेल, ती राजी आहे तर स्त्रीवाद मध्ये का येतो? तिला अडवायला नव्हे. सुस्थितीतली बहीण अडचणीतल्या भावाला वाटा देते, तेव्हा ती मोठी माया असते आणि तिचा मान राखायलाच हवा. पण निवड म्हणायची तर ‘नाही’ म्हणण्याची वाटही तितकीच मोकळी हवी. ‘नाही’ म्हटल्यावर माहेर तुटणार असेल, तर ‘स्वखुशीने’ हा शब्द दस्तलेखकाचा असतो, तिचा नव्हे.

म्हणून सहीआधी मसुदा चार दिवस तिच्या घरी असू द्या. तिचा वाटा किती चौरस मीटर, आजचा भाव काय, हे कागदावर लिहून द्या. मोबदला घेऊनही हक्क सोडता येतो, हे तिला सांगा. नोंदणी झाल्यावर दडपण किंवा फसवणूक दिवाणी न्यायालयात सिद्ध करत बसावं लागतं. आणि भावाने स्वतः म्हणावं, ‘ताई, तू नाही म्हणालीस तरी भाऊबीजेला मी येणारच.’ त्यानंतर तिने सही केली, तर ती खरोखर तिची.

पुढील लेखांकात : नोकरी सोडण्याचा निर्णय.