हवा की हवामान? कतारच्या वर्गातला एक अवघड प्रश्न

२० ऑक्टोबर २०१८ रोजी दोह्यात एका दिवसात जवळजवळ वर्षभराचा पाऊस पडला. इथली वार्षिक सरासरीच जेमतेम ७५ मिलिमीटर, म्हणजे कोकणात आषाढातल्या एका दिवशी सहज पडावा एवढा. रस्ते आणि बोगदे पाण्याखाली गेले. अशा पावसानंतर मुलं शाळेत हमखास विचारतात, "टीचर, हे क्लायमेट चेंजमुळे झालं का?"

"हो" म्हणणं सोपं आहे, "नाही" म्हणणंही सोपं आहे. पण दोन्ही उत्तरं घाईची आहेत. नीट उत्तर द्यायचं तर आधी शिक्षकालाच काही गोष्टी हाताने करून शिकाव्या लागतात.

पहिली अडचण शब्दांची. आपल्या भूगोलाच्या पुस्तकात 'हवा' म्हणजे आजची स्थिती आणि 'हवामान' म्हणजे दीर्घकाळची सरासरी. पण उद्याच्या पावसाचा अंदाज कोण देतं? हवामान खातं! त्यामुळे मराठी माणसाच्या डोक्यात या दोन कल्पनांची सरमिसळ होतेच. अरबीत मात्र 'तक्स' आणि 'मनाख' असे दोन वेगळे शब्द आहेत. जागतिक हवामान संघटना सरासरीसाठी ३० वर्षांचा काळ धरते. सध्या १९९१ ते २०२०. तेव्हा एका दिवसाचा पाऊस ही 'हवा' झाली. हवा एक अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के जास्त बाष्प मावतं, म्हणून मोठ्या सरी आणखी मोठ्या होऊ शकतात, हे मुलांना सांगता येतं. पण एका विशिष्ट पावसात तापमानवाढीचा वाटा किती, हे वेगळा अभ्यास केल्याशिवाय ठरत नाही. शिक्षकाने हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं.

दुसरी गोष्ट मोजमापाची. १९९५ मध्ये सुरू झालेल्या 'ग्लोब' या आंतरराष्ट्रीय उपक्रमात शंभराहून अधिक देशांतल्या शाळा नोंदी घेतात. कतार आणि भारतही त्यात आहेत. त्यात आधी प्रशिक्षण शिक्षकाचं होतं, मुलांच्या नोंदी त्यानंतर. तापमापक पांढऱ्या, झडपांच्या पेटीत जमिनीपासून दीड मीटरवर ठेवायचा. पेटीचं दार उत्तरेकडे, म्हणजे उघडल्यावर ऊन थेट आत येणार नाही. नोंद घ्यायची ती स्थानिक मध्यान्हाच्या तासाभराच्या आत. आता तुम्हीच सांगा, दोह्यात सूर्य डोक्यावर कधी येतो? घड्याळात बारा वाजता नाही, तर सरासरी ११ वाजून ३४ मिनिटांनी. मुंबईत तोच १२ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास. मैदानात काठीची सावली मोजून हे एकदा स्वतः शोधलेला शिक्षक ते विसरत नाही, आणि वर्गात नुसतं पाठ करून घेत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, कारण इथे ती माणसांच्या जिवाशी जोडलेली आहे. जूनमध्ये कतारवर वायव्येकडून कोरडा 'शमाल' वाहतो. पाकिस्तान-इराणच्या बाजूला उन्हाळ्यात तयार होणारा जो कमी दाबाचा पट्टा आपला मान्सून ओढून आणतो, तोच या वाऱ्यालाही जोर देतो. म्हणजे भारतीय शाळांच्या पुस्तकातला मान्सून आणि दोह्यातली धूळ एकाच धड्यात शिकवता येतात. पुढे शमाल मंदावतो आणि ऑगस्टमध्ये समुद्रावरची दमट हवा शहरात शिरते.

आता दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओलं सुती कापड गुंडाळा आणि वारा घाला. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला तापमापक कमी आकडा दाखवतो. आपला घाम हेच काम करतो. ४५ अंश तापमान आणि १० टक्के आर्द्रता असेल, तर ओला तापमापक २१ अंशांच्या आसपास थांबतो. ३५ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर तो ३१ वर जातो! फोनवर दहा अंशांनी 'थंड' दिसणारा दिवस शरीराला जास्त घातक असतो.

कतारचा २०२१ चा नियम यावरच उभा आहे. १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी ३:३० उघड्यावर काम बंद. शिवाय ओला तापमापक, उन्हाची धग आणि हवेचं तापमान मिळून काढलेला निर्देशांक ३२.१ अंशांवर गेला, तर वेळ कोणतीही असो, काम थांबवायचं. या निर्देशांकात ओल्या तापमापकाचा वाटा ७० टक्के असतो. हे समजलेल्या शिक्षकाला मुलांना मैदानावर कधी सोडायचं हेही कळतं, आणि बांधकामावरच्या माणसाला सावली का हवी, हेही तो मुलांना समजावू शकतो.

म्हणून शिक्षकांच्या प्रशिक्षणात स्लाइड थोड्या कमी असल्या तरी चालतील, पण अर्धा दिवस तरी मैदानात जायला हवा. तुमच्या मुलांच्या शाळेत अशी तापमापकाची पेटी आहे का, पुढच्या पालकसभेत जरूर विचारा. नसेल तर दोन तापमापक आणि कापडाचा एक तुकडा एवढ्यावर सुरुवात घरच्या बाल्कनीतही होते. महिनाभर रोज एकाच वेळी नोंद घ्या आणि दोन आकड्यांमधला फरक शमाल वाहताना किती असतो आणि दमट दिवशी किती उरतो, ते मुलांनाच शोधू द्या.