तासगावचा बेदाणा कोशर आहे का?

शुक्रवारी दिवस मावळला की बेने इस्रायली घरांत शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो, आणि त्याची प्रार्थना द्राक्षारसाच्या पेल्यावर म्हणतात. जुन्या काळी रेवदंडा-अलिबागच्या खेड्यांत कोशर, म्हणजे यहुदी धर्मनियमांत बसणारी, वाइन कुठून मिळणार? शनवार तेली म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मराठी यहुद्यांनी मनुका भिजवून, कुस्करून, गाळून शरबत केलं. धर्मशास्त्रही असा रस द्राक्षारसातच धरतं. त्या मनुका अर्थात तासगावच्या नव्हत्या. सांगली-तासगावचा बेदाणा-धंदा गेल्या काही दशकांतला.

या बेदाण्याला कोशर म्हणता येईल का? सुकं द्राक्ष कोणीही हाताळावं, हरकत नाही. द्राक्षाच्या रसाचे नियम मात्र कडक: न उकळलेल्या वाइनला यहुदी नसलेल्याचा हात लागला, तरी ती बाद होते. बेदाण्याची खरी अडचण सुकवणीच्या शेडवर आहे. थॉमसन, माणिक चमन किंवा सोनाकाचे घड जाळीवर पसरण्याआधी पाण्यात कालवलेल्या पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलमध्ये बुडवतात. प्रमाण साधारण लिटरला 25 ग्रॅम आणि 15 मिली. सालीवरचा मेणचट थर त्याने सैल होतो आणि पाणी लवकर उडतं. या तेलातला मुख्य घटक इथाइल ओलिएट. तो ज्या ओलिक आम्लापासून बनतो, ते वनस्पती तेलातून काढता येतं, तसंच गुरांच्या चरबीतूनही. कोशर तपासनीस द्राक्षापेक्षा या तेलाच्या कॅनची चौकशी अधिक करणार. शाकाहारी गिऱ्हाइकानेही ती करायला हवी, पण आपण बेदाण्याचा रंग बघतो आणि भाव विचारतो.

कोशर म्हणजे शाकाहार नव्हे, आणि निव्वळ स्वच्छताही नव्हे. तोरा या यहुदी धर्मग्रंथाच्या लेवीय भागातल्या 11व्या अध्यायाप्रमाणे दुभंगलेल्या खुराचं, रवंथ करणारं जनावर चालतं. डुक्कर रवंथ करत नाही म्हणून वर्ज्य. माशाला पर आणि खवले हवेत. म्हणून सुरमई चालते, कोळंबी नाही. बेने इस्रायलींमधली आख्यायिका सांगते की बाहेरून आलेल्या डेव्हिड रहाबी या यहुद्याने त्यांच्या बायकांपुढे मिश्र मासळी ठेवली. त्यांनी बिनखवल्यांची बाजूला काढली, आणि हे यहुदीच, अशी त्याला ओळख पटली. मांस आणि दूध एकत्र चालत नाही, म्हणून त्यांच्या मटणाच्या रश्शात नारळाचं दूध पडतं. उलट, हिरव्या ठिपक्याचं, म्हणजे शाकाहारी, चीज सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं असलं, तरी यहुदी देखरेखीशिवाय कोशर ठरत नाही.

साताऱ्याकडे वळलं की प्रश्न किड्यांचा. बहुतेक किडे खाणं तोराला मंजूर नाही, आणि 2010 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या खाचाखळग्यांत व देठाखाली फुलकिडे सहज दडतात. म्हणून देठ गराच्या चकतीसकट कापून, साबणाच्या पाण्यात घोळवून, धुऊन मगच फळ खावं, असं रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, सांगतात. हिरव्या ठिपक्याच्या भरवशावर आपण इतकं बघत नाही.

सांगलीच्या हळदीचं मात्र सोपं. अख्ख्या हळकुंडाला काही अडत नाही. दळताना गिरणीत आधी काय दळलं होतं, तेवढं विचारावं लागतं.

परदेशात माल पाठवू पाहणाऱ्या बागायतदारांना एकच सांगणं: पुढच्या हंगामात डिपिंग ऑइल घेताना ते वनस्पतिजन्य असल्याचं विक्रेत्याकडून लिहून घ्या आणि तो कागद बिलासोबत जपून ठेवा.