रेकॉर्डिंग करताना आवाज मध्येच तुटतो? नवा इंटरफेस घेण्याआधी हे तपासा

एक लॅपटॉप, एक माइक आणि एक ऑडिओ इंटरफेस एवढ्यावर जळकोटसारख्या तालुक्याच्या गावातही घरच्या खोलीत स्टुडिओ उभा करता येतो. पण भजनीबुवा रंगात आलेले असतात आणि नेमका तेव्हाच 'टक्' असा आवाज येतो किंवा क्षणभर सूर गायब होतो. तीच ओळ पुन्हा त्याच रंगात येईल याची खात्री नसते. संशय लगेच इंटरफेसवर जातो आणि नव्याचा खर्च समोर उभा राहतो. मात्र अनेकदा दोष सेटिंगमध्ये किंवा केबलमध्ये असतो.

आवाज का तुटतो?

इंटरफेसमधला कन्व्हर्टर सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० वेळा आवाजाचे मोजमाप घेतो. ते आकडे यूएसबीतून लॅपटॉपकडे जातात आणि 'बफर'मध्ये क्षणभर साठतात. ४८,००० च्या वेगाला ६४ चा बफर म्हणजे जेमतेम १.३ मिलिसेकंद, तर ५१२ चा म्हणजे सुमारे १०.७ मिलिसेकंद. तेवढ्या वेळात लॅपटॉपने काम उरकले नाही, की आवाजात खंड पडतो.

फाइल खराब झाली का?

रेकॉर्ड झालेला तुकडा दोनदा ऐका. 'टक्' दर वेळी त्याच जागी आला, तर तो बहुधा फाइलमध्येच गेला आहे. जागा बदलत असेल, तर अडचण ऐकवताना येते आहे. गायकाला पुन्हा बोलावण्याची घाई नको.

काय तपासावे?

एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशाने पडला ते कळत नाही.

• बफर २५६ किंवा ५१२ करा. त्यामुळे हेडफोनमध्ये आवाज उशिरा आला, तर इंटरफेसवरचे डायरेक्ट मॉनिटर सुरू करा.

• विंडोजवर इंटरफेसच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर वापरा.

• रेकॉर्डिंगपुरते वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद ठेवा. चार्जर लावून पॉवर सेटिंग 'हाय परफॉर्मन्स'वर ठेवा. यूएसबी झोपी जाण्याची सेटिंग बंद करा.

• हब काढून केबल थेट लॅपटॉपला लावा. दुसरी, आखूड केबल लावून पाहा.

• सॉफ्टवेअर आणि इंटरफेस यांचा सॅम्पल रेट एकच ठेवा. दोन डिजिटल उपकरणे जोडली असतील, तर घड्याळ एकाचेच चालले पाहिजे. दुसऱ्याने त्याच्यामागे जावे.

विजेचा दोष कसा ओळखावा?

सतत 'घूं' असा आवाज येत असेल, तर तो वेगळा प्रकार. तिथे अर्थिंग तपासून घ्या. त्यासाठी प्लगची अर्थिंगची पिन कधीही काढू नका. कंडेन्सर माइकचे ४८ व्होल्ट सुरू करताच इंटरफेस बंद पडत असेल, तर यूएसबीतून मिळणारी वीज अपुरी असू शकते. यूएसबी २ च्या साध्या पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर असते. इंटरफेसला स्वतंत्र अडॅप्टरची सोय असेल, तर तो लावा.

दुरुस्तीला कधी न्यावे?

दुसऱ्या लॅपटॉपवर, दुसऱ्या केबलने आणि मोठ्या बफरवरही आवाज तुटत असेल, तर इंटरफेसमध्येच दोष असण्याची शक्यता मोठी. तेव्हा वॉरंटीची तारीख पाहा आणि मगच लातूर किंवा नांदेडची वाट धरा.