बॅटरी नाही, तरी बोलतो!

टोलनाक्यावर गाडी जरा हळू होते आणि समोरचा आडवा दांडा टुणकन वर जातो. कुणी काच खाली करत नाही, सुट्टे पैसे शोधत नाही, पावतीसाठी हात बाहेर काढत नाही. गाडी नाका ओलांडते आणि थोड्याच वेळात बाबांच्या मोबाइलवर ‘टिंग’! टोल कापलासुद्धा.

हे काम कुणी केलं? गाडीच्या पुढच्या काचेवर आतून चिकटवलेल्या त्या छोट्याशा पट्टीनं. तिला म्हणतात फास्टॅग. २०१४ मध्ये मुंबई-अहमदाबाद रस्त्यावर त्याची चाचणी झाली आणि फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांवर तो सक्तीचा झाला. आता ती पट्टी नीट न्याहाळा. वायर? नाही. बॅटरी? नाही. चार्जिंगची जागा? तीही नाही. वर्षानुवर्षं ती नुसती काचेला चिकटून बसलेली असते. मग नाक्यावर आल्यावर बोलायला तिला ताकद कुठून मिळते?

ऐका गंमत. जो प्रश्न विचारतो, तोच ताकदही देतो!

नाक्यावर प्रत्येक लेनच्या वर एक चपटी पेटी लावलेली असते. तो रीडरचा, म्हणजे पट्टी वाचणाऱ्या यंत्राचा अँटेना. त्यातून रेडिओलहरी खाली येत असतात. आपल्याकडे त्या सेकंदाला साधारण ८६ कोटी ५० लाख हेलकावे घेतात. लहरी काचेतून आरपार जातात आणि पट्टीतल्या धातूच्या पातळ रेषांवर आदळतात. या रेषा म्हणजे पट्टीचा अँटेना. लहर आदळली की त्यात अगदी इवलीशी वीज खेळू लागते. किती इवलीशी? एका वॅटचे एक लाख भाग करा. त्यातले मोजके भाग मिळाले तरी काम भागतं. रेषांच्या मध्ये बसलेली, मिलिमीटरभरही नसलेली चिप तेवढ्यावर जागी होते.

एक गणित करूया? रेडिओलहर सेकंदाला ३० कोटी मीटर धावते. त्याला ८६.५ कोटींनी भागा. उत्तर येतं सुमारे ३५ सेंटिमीटर. ही एका हेलकाव्याची लांबी. अशी लहर नीट पकडायला तिच्या निम्म्या लांबीचा, म्हणजे साधारण १७ सेंटिमीटरचा अँटेना छान. पण पट्टी तर त्याहून आखूड! म्हणून त्या रेषांना घड्या घालून, नागमोडी वळवून आत बसवतात.

बरं, चिप जागी झाली. आता तिनं उत्तर कसं द्यायचं? स्वतःची लहर सोडायला लागणारी ताकद तर तिच्याकडे नाही. इथं तुमचा कवडशाचा खेळ आठवा. हातात टॉर्च नसतो, फक्त आरसा असतो. पण तो आरसा उन्हात धरून हलवला की समोरच्या भिंतीवर उजेड नाचतो. ऊन सूर्याचं, खूण तुमची! चिपही हेच करते. आपल्या अँटेनाची जोडणी ती क्षणाक्षणाला बदलते, त्यामुळे रीडरकडे परत जाणारी लहर कधी जोरकस होते, कधी मंद. या चढउतारांतून रीडर एक आणि शून्य वाचतो आणि त्यातून पट्टीचा क्रमांक जुळवतो.

ही युक्ती पहिल्यांदा गाजली ती हेरगिरीत. १९४५ मध्ये मॉस्कोतल्या अमेरिकन राजदूतांना सोव्हिएत शाळकरी मुलांनी एक भेट दिली. लाकडात कोरलेलं अमेरिकेचं सुंदर राजचिन्ह! राजदूतांच्या घरात ते भिंतीवर लटकलं. त्याच्या पोटात लपला होता एक मायक्रोफोन, त्याला ना वायर ना बॅटरी. बाहेरून कुणी रेडिओलहर सोडली तरच तो काम करायचा. खोलीतल्या बोलण्यानं आतला पातळ पडदा थरथरायचा, तशी परतणारी लहर बदलायची आणि बाहेरच्या हेरांना सगळं ऐकू यायचं. लहर बंद केली की तो गप्प. म्हणून तर तो सापडायला १९५२ साल उजाडलं! तो बनवला होता लेव्ह तेरेमिन यांनी. हात न लावता वाजणारं ‘थेरेमिन’ हे वाद्यही त्यांचंच.

आता एक अडचण. लेनमध्ये एकामागोमाग चार गाड्या आल्या आणि चारही पट्ट्या एकदम बोलू लागल्या तर? नुसता गोंधळ! म्हणून रीडर आधी सांगतो, “प्रत्येकानं मनात एक आकडा धरा.” मग एकेक पाऊल मागे मोजायचं. ज्याचा आकडा शून्यावर येईल, त्यानंच बोलायचं. दोघांनी एकच आकडा धरला असेल तर दोघांची टक्कर होते आणि त्यांची पाळी पुन्हा येते. मोजून झालेली पट्टी मग गप्प बसते. हा सगळा प्रकार पापणी लवायच्या आत उरकतो. याचं मूळ आहे १९७१ मध्ये हवाई बेटांवरच्या विद्यापीठानं कॉम्प्युटर रेडिओनं जोडले, त्या ‘अलोहा’ नावाच्या जाळ्यात.

आणि पैसे? ते पट्टीत नसतातच मुळी! पट्टी सांगते फक्त आपला क्रमांक. नाक्यावरचा कॉम्प्युटर तो बँकेकडे पोचवतो, बँकांच्या मधली देवाणघेवाण राष्ट्रीय पेमेंट महामंडळाची यंत्रणा सांभाळते आणि पैसे कापले जातात पट्टी देणाऱ्या बँकेतल्या खात्यातून. कारची पट्टी ट्रकला लावून कुणी लबाडी करू पाहिली तर? नाक्यावरची दुसरी यंत्रणा गाडीच्या चाकांचे आस मोजून बघते. चोरी लगेच उघडी!

२०२२ मध्ये एक व्हिडिओ खूप फिरला होता. काच पुसणारा मुलगा हातातलं घड्याळ फास्टॅगवर फिरवून पैसे लांबवतो, असं त्यात दाखवलं होतं. ते साफ खोटं होतं. क्रमांक कळला तरी पैसे जातात ते फक्त नोंद असलेल्या टोलनाक्यासारख्या ठिकाणी. कुणा माणसाच्या खिशात ते जाऊच शकत नाहीत. आता तुम्हाला आतली रचना कळली आहे, त्यामुळे असा व्हिडिओ कुणी पाठवला तर तुम्हीच त्यांना समजावा.

हो, आणि काचेवरची पट्टी ओरबाडून का काढायची नाही, तेही सांगायला हवं. ती मुद्दाम अशी बनवलेली असते की काढायला गेलं की आतल्या बारीक रेषा तुटतात. म्हणजे एका गाडीची पट्टी सोलून दुसरीला लावता येत नाही. चिप शाबूत असली तरी लहर पकडणार कोण?

आतल्या रेषा स्वतः बघायच्या आहेत? त्यासाठी फास्टॅग फोडायची गरजच नाही. काही मोठ्या दुकानांतल्या नव्या कपड्यांच्या किमतीच्या चिठ्ठीतही अशीच पट्टी दडलेली असते. चिठ्ठी उजेडासमोर धरा आणि आतली नागमोडी रेष व मधला काळा ठिपका शोधा. सापडली की दोरा त्या वळणांवरून फिरवा, मग सरळ करून मोजपट्टीनं मोजा. लांबी किती भरली? वहीत लिहून ठेवा. आणखी चार चिठ्ठ्या मोजा आणि सांगा बरं, प्रत्येकीची लांबी आपल्या गणितातल्या १७ सेंटिमीटरच्या किती जवळ येते?