दीड वर्षाने तरुण करणारं गाणं

मानसशास्त्राच्या पुस्तकातलं संशोधनपद्धतीचं प्रकरण बहुतेकांनी परीक्षेपुरतं घोकलेलं असतं. गृहीतक, चल, नमुना, सार्थकतेची ०.०५ ही पातळी. २०११ नंतरच्या दशकात तेच प्रकरण अख्ख्या शास्त्राच्या मानगुटीवर बसलं.

माणसाला भविष्य आधीच जाणवतं, असं सांगणारे नऊ प्रयोग कॉर्नेल विद्यापीठाच्या डॅरिल बेम यांनी २०११मध्ये एका मातब्बर नियतकालिकात छापले. हजारावर सहभागी, आकडेमोड रीतसर. पंचाईत तीच होती: पद्धत सर्वमान्य आणि निष्कर्ष हा असा! त्याच वर्षी सिमन्स, नेल्सन आणि सायमनसन यांनी मुद्दाम एक उपद्व्याप केला. बीटल्सचं ‘व्हेन आय’म सिक्स्टी-फोर’ ऐकून विद्यार्थी सुमारे दीड वर्षाने तरुण होतात, हे त्यांनी ‘सिद्ध’ केलं. तरुण वाटू लागतात असं नव्हे, वयच घटतं! एकही आकडा खोटा नव्हता. दहा गोष्टी मोजायच्या, एखादा गट गाळायचा, हवं ते उत्तर आलं की तिथेच थांबायचं आणि जुळलं तेवढंच छापायचं. नेदरलँड्सच्या डिडेरिक स्टापेल यांनी आकडेच रचल्याचं त्याच साली उघडकीस आलं आणि बोभाटा त्याचा जास्त झाला. मला मात्र ते गाणं अधिक अस्वस्थ करतं, कारण तिथे लबाडी करायची गरजच पडली नव्हती.

म्हातारपणाशी निगडित शब्द वाचले की तरुण मुलंही हळू चालतात, हा जॉन बार्ग यांचा १९९६चा प्रयोग वर्गावर्गात रंगवून सांगितला जाई. २०१२मध्ये ब्रसेल्समध्ये तो पुन्हा केला, वेळ इन्फ्रारेड किरणांनी मोजली. चाल मंदावली नाही. ती मंदावल्याचं दिसलं ते ‘मुलं हळू चालतील’ असं प्रयोगकर्त्यांना आधीच सांगून ठेवलं तेव्हा. प्रयोगकर्त्याचा पूर्वग्रह म्हणजे काय, ते यापेक्षा नीट कुठल्या व्याख्येत सापडेल?

२०१५मध्ये शंभर जुने प्रयोग नव्याने करून झाले. मूळच्यांपैकी ९७ टक्के सार्थक होते, पुनरावृत्तीत ३६ टक्के उरले.

यावर उतारा म्हणून पूर्वनोंदणी आली. गृहीतक आणि पद्धत आधी लिहून द्यायची. काही नियतकालिकं तर निकाल लागण्याआधीच लेख स्वीकारू लागली. २०२१मध्ये अशा लेखांचा हिशेब मांडला गेला. नेहमीच्या लेखांत ९६ टक्के गृहीतकं खरी ठरत होती, इथे ४४.