रुग्णवाहिका येईपर्यंतची मिनिटं

बंद पडलेलं हृदय बाहेरून, नुसत्या दोन तळहातांनी चालवता येतं, हे जगाला पटलं ते १९६० मध्ये. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत गाय निकरबॉकर हा तरुण अभियंता कुत्र्यांच्या हृदयावर विजेच्या झटक्याचे प्रयोग करत होता. जड पॅडल छातीवर दाबताच, झटका देण्याआधीच, रक्तदाब किंचित वर जातो, हे त्याने टिपलं. म्हणजे काम नुसता दाबच करत होता! पुढे कौवेनहोवेन आणि जूड हे त्याचे सहकारी आणि तो स्वतः, अशा तिघांच्या निबंधात २० रुग्णांची नोंद होती. त्यातले १४ वाचले होते.

आता डोंबिवलीत या. रुळांनी शहराचे पूर्व-पश्चिम असे दोन भाग केले आहेत. रुग्णवाहिकेला पलीकडे जायचं तर कोपर किंवा ठाकुर्लीचा पूल गाठावा लागतो. राज्यात २०१४ पासून १०८ सेवा आहे, ती ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली, सोबत डॉक्टरही असतो. पण रक्त थांबलं की चार-पाच मिनिटांतच मेंदूला इजा होऊ लागते. तिकडे ठाण्यात घोडबंदर रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत एवढ्या वेळात सिग्नलसुद्धा ओलांडून होत नाही. ही मिनिटं शेजाऱ्यांचीच.

हात करतात तरी काय? छातीच्या मधल्या हाडावर पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब. दाबलं की रक्त बाहेर ढकललं जातं. पण मला थक्क करतो तो हात सैल सोडण्याचा क्षण. छाती पूर्ण वर येते तेव्हाच हृदय पुन्हा भरतं आणि त्याच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांनाही तेव्हाच रक्त मिळतं. म्हणून छातीवर रेलून राहायचं नाही. उत्तम दाबातूनही नेहमीच्या रक्तप्रवाहाचा जेमतेम पाव ते तिसरा हिस्साच मिळतो, आणि तेवढा मेंदूला तग धरायला पुरू शकतो.

दोन मिनिटांत भले भले दमतात, दाब उथळ होतो. म्हणून इथे एकटा वीर उपयोगाचा नाही, गट हवा. एकाने दाबायचं, दुसऱ्याने मोठ्याने मोजायचं आणि मग जागा बदलायची. तिसऱ्याने १०८ ला फोन, चौथ्याने गेट उघडून लिफ्ट अडवून ठेवायची. फसवते ती घरघर. बेशुद्ध माणूस अधूनमधून मोठा आचका देतो, भोवतालचे म्हणतात, ‘श्वास चालू आहे, पाणी मारा.’ तो श्वास नव्हे. पाणी नको, हात हवेत.

ब्रुकलिनमधल्या ज्यू वस्तीने १९६० च्या दशकात असाच शेजाऱ्यांचा गट उभारला, हत्झाला. इस्राएलमध्ये त्याच धर्तीचे स्वयंसेवक दुचाकीवरून धावतात. आपल्या गल्ल्यांनाही दुचाकीच सोयीची. भारतीय भूलतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये सामान्यांसाठी केवळ छातीवरच्या दाबाची पद्धत आखून दिली. तोंडाने श्वास द्यायची अट त्यात नाही. आणि रस्ता अपघातात सद्हेतूने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चं संरक्षण आहे, नाव सांगण्याचीही सक्ती नाही.

सोसायटीच्या पुढच्या सभेत पाणी आणि पार्किंगच्या आधी हा विषय घ्या. ओळखीच्या भूलतज्ज्ञाला एका रविवारी बोलवा. शिकणाऱ्यांत वॉचमन पहिला असू द्या. रात्री तीन वाजता इमारतीत जागा असतो तो तोच.