टेकड्यांचं आरक्षण आणि आपली हरकत

पुण्याच्या टेकड्यांवर घरं बांधू द्यावीत की नाही, हा वाद दोन दशकांहून जुना आहे. १९९७ मध्ये भोवतालची २३ गावं महापालिकेत आली. त्यांच्या विकास आराखड्यात सुमारे ९७८ हेक्टर डोंगर-उतार जैवविविधता उद्यानासाठी, म्हणजे ‘बीडीपी’साठी राखायचं ठरलं आणि सभागृहात दोन तट पडले. टेकडीवर पाणी मुरतं, तिथे सिमेंट ओतलं तर ते पाणी खालच्या वस्त्यांत शिरेल, म्हणून बांधकाम नकोच, असं पर्यावरणप्रेमी म्हणत होते. निदान चार टक्के बांधकाम तरी करू द्या, असा दुसऱ्या बाजूचा आग्रह होता. अखेर २०१५ मध्ये राज्य सरकारने आरक्षण मान्य केलं आणि मोबदला ठरवला आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क.

जमीनमालकांना तो तुटपुंजा वाटला. वाद चिघळत राहिला, तो इथेच. ज्याची पिढीजात जमीन अडकली, त्याला रास्त मोबदला न देता टेकडी राखू म्हणणं अन्यायाचं आहे. शिवाय मोबदला रखडला की गुंठ्यागुंठ्याने जमीन विकली जाते आणि उतारावर बेकायदा घरं चढतात. तिथे घर घेणारा बहुधा शहरात परवडणारं घर न मिळालेला माणूस असतो.

कायदाही वाट पाहत नाही. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम १२७ नुसार, आराखडा लागू होऊन दहा वर्षांत आरक्षित जमीन ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. बागा, शाळा, दवाखाने यांच्या जागा अशाच हातच्या जातात.

एखाद्या भूखंडाचं आरक्षण बदलायचं असेल, तर कलम ३७ खाली फेरबदलाची सूचना प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी महिनाभर मिळतो. पुण्याच्या जुन्या हद्दीचा प्रारूप आराखडा २०१३ मध्ये आला, तेव्हा ८० हजारांहून अधिक हरकती दाखल झाल्या होत्या. नागरिक मनावर घेतात, तेव्हा असं घडतं.

शहराला घरं हवीतच. ती कुठे बांधायची, तिथे पाणी, सांडपाण्याची वाहिनी आणि रस्ता कुठून येणार, याचं उत्तर प्रत्येक झोन बदलाच्या ठरावासोबत लेखी मिळालं पाहिजे. पुढची सूचना निघेल, तेव्हा आपल्या प्रभागाचा नकाशा पाहा आणि मुदतीत हरकत नोंदवा.